मुतखडा म्हणून इंजेक्शन दिलं, निघाली फुटलेली महाधमनी: आण्णांची गोष्ट आणि थोडे प्रश्न

सिंदफणा

राम राम मंडळी. एरवी मी इथं फक्त वाचून जातो. हा धागा काढतोय कारण गेल्या हुरड्याच्या दिवसांत आमच्या आण्णांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली होती, आणि आज तेच आण्णा ओट्यावर बसून माझ्या नावानं खडे फोडतायत. मधे काय काय झालं ते लिहून ठेवतो.

आण्णांचं वय ७१. माजलगावच्या बाजूला शेती, ऊस आणि कापूस. बिडी सतराव्या-अठराव्या वर्षापासून. बीपीची गोळी आठवण आली तर. शुगर नाही, आणि त्याचा त्यांना भारी तोरा.

पहाटे पाचला डाव्या कुशीत कळ निघाली, पाठीतून थेट जांघेकडं. आईनं वाताचं समजून ओवा-मीठ दिलं. लघवीला म्हणून उठले आणि न्हाणीच्या उंबऱ्यातच मटकन बसले. "डोळ्यापुढं अंधारी आली बा," एवढंच बोलले. जवळच्या दवाखान्यात नेलं. कूस, कळ, जांघ एवढं ऐकल्यावर तिथं मुतखडाच ठरला. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. कळ उतरली. आम्ही बाहेर टपरीवर चहा घेतला, मी तर बहिणीला फोन करून "काही नाही, खडा आहे" असं सांगूनही टाकलं. नऊच्या सुमाराला परत घाम, परत चक्कर, अंग गार. मग मात्र गाडी काढली आणि तेलगाव-वडवणीवरून बीड गाठलं.

बीडच्या दवाखान्यात कॅज्युअल्टीला एक पोरगेल्याशा डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी बीपी बघितला, वरचा ८४. पोटावर हात ठेवला, आणि तो हात न काढताच सिस्टरला सोनोग्राफीचं मशीन ओढून आणायला लावलं. दोन मिनिटांत म्हणाल्या, "बेंबीमागची मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, रुंदीला दोन सेंटिमीटरच्या आसपास पाहिजे. काकांची ७.८ आहे. आणि बाजूला रक्त साठलेलं दिसतंय."

आता आमचं अज्ञान सांगतो. त्याच मॅडमनी चालू असलेल्या सलाईनची चकती फिरवून थेंब कमी केले. माझा मेव्हणा भडकला. "माणूस मरायलाय आणि तुम्ही सलाईन बंद करायलात?" त्या शांतपणे म्हणाल्या, "काका बोलतायत ना तुमच्याशी? नाव-गाव नीट सांगतायत ना? मग मला आत्ता एवढाच बीपी पाहिजे." मेव्हण्याला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं पटलं.

सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) लगेच झाला. मॅडमनी आम्हाला फिल्मची वाट बघू दिली नाही. मशीनवरूनच सगळी चित्रं संभाजीनगरच्या रक्तवाहिन्यांच्या सर्जनना पाठवली, सीडी माझ्या खिशात कोंबली आणि अॅम्ब्युलन्सवाल्याला सांगितलं, "हळू नको आणि आदळू पण नको." सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. आण्णा पूर्ण शुद्धीवर. शहागडच्या पुलावर त्यांनी विचारलं, "गंगा आली का रे?" आणि झोपल्या झोपल्या हात जोडले. मला वाटलं, निरोप घ्यायलेत. पाचोडच्या पुढं म्हणाले, "वेचलेला कापूस झाकला का?" तेव्हा जरा जिवात जीव आला.

पोचलो तेव्हा फुटलेल्या रक्तवाहिनीच्या आतून बसवायची, आण्णांच्या मापाची कापडी नळी आधीच काढून ठेवलेली होती. रस्त्यात आमचे अडीच तास गेले, तेवढ्यात तिथं मोजमाप झालं होतं. पूर्ण भूल दिलीच नाही. दोन्ही जांघा बधिर केल्या आणि तिथूनच तारा आत घातल्या. पोटाला ब्लेड लागलं नाही. आण्णा आजही पाहुण्यांना सांगतात, "डाक्टर एकमेकाला मापं सांगत व्हते, शिंप्यावानी."

नऊ दिवसांनी घरी आलो.

इथं कुणी डॉक्टर असतील तर विचारायचंय. सलाईन का बंद केलं? भूल का नाही दिली? आणि आम्हा भावांना, चुलत्यांना हे होऊ शकतं का?

कडबा_पेंडी

बाप रे! आण्णांना दंडवत. 'कापूस झाकला का' वाचून आमचे तात्या आठवले. ते तर आयसीयूमधून मोटारीचा स्टार्टर बंद करायला सांगत होते.

पैनगंगा

धागा वाचला आणि बराच वेळ फोन बाजूला ठेवून बसले.

चार वर्षांपूर्वी आमचे बाबा याच दुखण्यानं गेले. हिंगोली जिल्हा. आधी पित्त, मग मुतखडा, मग बीपी पडला म्हणून हार्ट अटॅकची शंका. ईसीजी काढला, तो बरा होता. पोटावर सोनोग्राफी शेवटी झाली, तोवर दुपारचे दोन वाजले होते. 'कॅथ लॅब (अँजिओग्राफी करतात ती खोली) आहे तिथं न्या' असं सांगितलं म्हणून एका मोठ्या गावातल्या हृदयाच्या दवाखान्यात नेलं. कॅथ लॅब होती. पण ही शस्त्रक्रिया करणारं तिथं कुणी नव्हतं आणि ती नळीही नव्हती. तिथून पुढं हैदराबादच्या रस्त्याला लागलो. बाबा दुसऱ्या अॅम्ब्युलन्समध्ये गेले, नांदेड मागं पडल्यावर.

कुणावर राग नाही असं म्हणणार नाही. आहे. पण तो नेमका कुणावर धरायचा हे चार वर्षांत ठरलेलं नाही.

तुमच्या आण्णांना माझा नमस्कार सांगा.

सिंदफणा

पैनगंगाताई, काय लिहावं कळत नाही. आण्णांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तिला म्हणावं, येऊन जा एकदा."

गावठी_डॉक्टर

मी तालुक्याच्या गावाला २२ वर्षं प्रॅक्टिस करतोय. चार शब्द त्या पहिल्या दवाखान्याच्या बाजूनं लिहितो, राग मानू नका.

मराठवाड्यात मुतखडा म्हणजे घरोघरची गोष्ट. उन्हाळा, बोअरचं पाणी, दिवसभर शेतात लघवी दाबून काम. आमच्याकडं कूस धरून येणाऱ्यांत बहुतेकांना खडाच असतो. इंजेक्शन दिलं की कळ उतरते, आणि कळ उतरली की निदान बरोबर होतं असं डॉक्टरलाही वाटतं, पेशंटलाही. गोम तिथंच आहे. फुटलेल्या महाधमनीची कळही इंजेक्शननं उतरते, शिवाय रक्त पोटाच्या मागच्या पडद्याआड साठून दाब तयार होतो आणि गळती काही वेळ थांबते. ती सवड असते. आपण तिला आराम समजतो.

पुस्तकात तीन खुणा दिल्यात. पाठीत किंवा पोटात कळ, पडलेला बीपी, आणि पोटात हाताला लागणारा ठोका. तिन्ही एकदम दिसणारे पेशंट निम्म्याहूनही कमी. पोट सुटलेलं असेल तर ठोका लागतच नाही. त्यामुळं मी एकच गोष्ट पाळतो. साठीच्या पुढचा माणूस, त्यातून बिडी-सिगारेटवाला, आणि 'मुतखडा' आयुष्यात पहिल्यांदाच म्हणतोय, तर आधी बेंबीच्या वर सोनोग्राफीचा प्रोब. खरा मुतखडेवाला तिशी-चाळिशीतच एकदा तरी ओरडून गेलेला असतो. आणि कळीसोबत चक्कर आली असेल तर मग खड्याचं नावच काढायचं नाही. खड्यानं माणूस गडाबडा लोळतो, पण उंबऱ्यात मटकन बसत नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही, एवढंच सांगतो.

धमनीवाला

रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया हेच माझं रोजचं काम, त्यामुळं लांबण लागणार. सिंदफणा, तुमच्या बीडच्या मॅडमना माझा सलाम कळवा.

पहिलं सलाईनचं. फुटलेल्या जागेवर गुठळीचं बूच बसलेलं असतं. आत दाब वाढवला की बूच उडतं. शिवाय भसाभसा सलाईन दिलं की रक्त पातळ होतं, थंड होतं, गोठायचं विसरतं. म्हणून पेशंट शुद्धीवर असेल, ओळखीचं बोलत असेल, तर वरचा बीपी ७० ते ९० च्या दरम्यान चालवून घेतात. त्याच्याही खाली फार वेळ राहिला तर किडनी, मेंदू, हृदय रुसतात. तेव्हा ही सलाईन तोडण्याची गोष्ट नाही, मोजून देण्याची आहे. आणि द्यायचंच तर रक्त. तुमच्या मेव्हण्याचा राग मी रोज बघतो. नातेवाईकांना हे समजावणं ऑपरेशनपेक्षा अवघड.

दुसरं भुलीचं. फुटलेल्या जागेला बाहेरून आधार असतो तो पोटाच्या ताणलेल्या स्नायूंचा. पूर्ण भूल दिली की स्नायू एकदम सैल पडतात, रक्तवाहिन्याही सैलावतात आणि बीपी कोसळतो. पोट उघडायचं असेल तर भूल द्यावीच लागते. त्या वेळी पेशंटला टेबलावर घेऊन, पोट धुऊन, हिरवं कापड टाकून, सर्जन हातात ब्लेड घेऊन उभा राहतो आणि मगच भूलतज्ज्ञ औषध सोडतो. जांघेतून काम करायचं तर नुसती जागा बधिर केली तरी भागतं. आण्णांना बडबड करू दिली ती याचसाठी.

आता प्रत्यक्ष काम. जांघेतल्या धमनीतून तार वर जाते. बीपी फारच पडत असेल तर त्याच तारेवरून एक फुगा वर नेऊन महाधमनीत फुगवतात. नळाला बोळा लावावा तसं खालचं वाहणं बंद, वर मेंदू-हृदयाला रक्त. हा बोळा फार वेळ ठेवता येत नाही, आतडी आणि किडन्या उपाशी राहतात. मग घडी घालून बारीक नळकांड्यात बसवलेली कापडी नळी वर जाते. कापड पॉलिस्टरचं किंवा टेफ्लॉनच्या जातीचं, सांगाडा बहुधा निकेल-टायटॅनियमच्या तारेचा. अंगातल्या उबेला ती तार आपला मूळ आकार धरते आणि नळी विजार उघडावी तशी उघडते. एक धड, दोन पाय. दुसरा पाय दुसऱ्या जांघेतून जोडायचा. रक्त नळीतून वाहायला लागलं की बाहेरचा फुगा, म्हणजे महाधमनीचा फुगलेला भाग, कोरडा पडतो.

सगळं अडतं मानेवर. किडनीच्या धमन्या जिथून निघतात त्याच्या खाली फुगा सुरू होईपर्यंतचा जो निरोगी तुकडा, त्याला आम्ही मान म्हणतो. तो साधारण १० ते १५ मिलिमीटर तरी पाहिजे, फार वाकडा नको, फार रुंद नको. नळी त्या मापाहून थोडी मोठी घ्यावी लागते, तेव्हा ती घट्ट बसते. आण्णांचे शिंपी हेच बोलत होते. आणि म्हणूनच सीटी आधी पाठवण्याला एवढी किंमत आहे. नळ्या अनेक मापांत येतात आणि महाग असतात. आपल्याकडं सगळीच्या सगळी मापं कपाटात मांडून बसणं फार थोड्या ठिकाणांना परवडतं. कंपनीच्या माणसाला फोन, मग मुंबई किंवा हैदराबादहून माल. तुमच्या अडीच तासांत तिकडं हीच धावपळ चालली असणार.

पैनगंगा, तुमच्या बाबांच्या बाबतीत जे झालं ते हेच. कॅथ लॅब म्हणजे खोली. त्या खोलीत हे काम करणारे हात आणि त्या दिवशी ती नळी नसेल, तर खोलीचा उपयोग नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरनं गाडी हलायच्या आधी पुढच्या डॉक्टरशी स्वतः बोलायला हवं. अॅम्ब्युलन्सवाल्यानं किंवा नातेवाईकानं नव्हे, डॉक्टरनं. हे वाक्य मी इथल्या तालुक्या-तालुक्यांत सांगत फिरलोय.

घरातल्यांबद्दल: आण्णांच्या सख्ख्या भावांची आणि मुलांची पोटाची साधी सोनोग्राफी करा. भावांची आत्ता लगेच, मुलांची पन्नाशीच्या आसपास. बायकांना हे कमी होतं, पण होतं, आणि झालं तर कमी आकारातही फुटतं.

पुणेरी_लातूरकर

माहितीबद्दल आभार, पण एक शंका. ही जांघेतली नळी म्हणजे पंचतारांकित दवाखान्यांचं दुकान नाही ना? पोट उघडून शिवणारे सर्जन आधीपासून आहेत. लातूर-सोलापूर-नांदेडला ते करता येत असेल तर माणसाला शंभर-दोनशे किलोमीटर पळवायचं कशाला? रस्त्यात दगावला तर?

धमनीवाला

शंका रास्त आहे. खोडून काढणार नाही, थोडी वळवतो.

विलायतेत याच प्रश्नावर 'इम्प्रूव्ह' नावाची मोठी चाचणी झाली, २००९ ते २०१३. महाधमनी फुटल्याचा संशय असलेले ६१३ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत. एका गटात आधी नळीचा प्रयत्न, दुसऱ्यात सरळ पोट उघडून. तीस दिवसांत नळीच्या गटात ३५.४ टक्के दगावले आणि उघड्याच्या गटात ३७.४. म्हणजे जवळपास सारखेच. त्या निकालानं आमच्यातल्या अनेकांचे चेहरे पडले होते, माझाही. पण पुढं वाचलं तर नळीच्या गटातले जे वाचले त्यांच्यातले बहुतेक थेट घरी गेले, दुसऱ्या दवाखान्यात पडून राहायची पाळी कमी आली. बायकांना नळीचा फायदा जास्त दिसला. नुसती जागा बधिर करून ज्यांचं झालं त्यांच्यात मृत्यू कमी होते. आणि तीन वर्षांनी मोजलं तेव्हा नळीचा गट पुढं होता: मृत्यू ४८ टक्के, उघड्या गटात ५६.

आता तुमचा रस्त्याचा प्रश्न. पेशंट शुद्धीवर, बीपी ८० च्या घरात टिकून, असा असेल तर बहुतेकदा वेळ असतो. इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये शस्त्रक्रियाच न झालेल्या ५६ रुग्णांचा हिशेब छापून आला होता २००४ मध्ये. त्यातले बहुतेक जण दाखल झाल्यावर दोन तासांहून जास्त जगले होते. म्हणून नीट ठरवून केलेला दोन-अडीच तासांचा प्रवास वेडेपणा नाही. न ठरवता केलेला अर्ध्या तासाचा आहे. पण बीपी लागतच नाही, पेशंट असंबद्ध बडबडतोय, अशा वेळी जवळच्या टेबलावर पोट उघडणारा अनुभवी सर्जन मिळत असेल तर त्याच्याच पाया पडावं. असे सर्जन कमी होत चाललेत ही खरी काळजी आहे. नव्या पोरांचा हात तारेवर बसलाय, टाक्यावर बसायला संधी मिळत नाही.

पुणेरी_लातूरकर

पटलं. 'दुकान' शब्द मागं घेतो. निम्मा.

अबोली

माझ्या सासूबाईंचं पोट उघडूनच झालं, दोन वर्षांपूर्वी, जालन्याहून नेलं होतं. वय ६८, बिडी-तंबाखू काहीच नाही, पण आयुष्यभर चुलीच्या धुरात गेलं. त्याचा संबंध आहे का माहीत नाही, डॉक्टरांनीही ठामपणे सांगितलं नाही. त्यांची ती मान फक्त ४ मिलिमीटर होती म्हणे. त्यामुळं नळी बसणार नव्हती.

मी लिहितेय ते त्या पाच तासांबद्दल. एका मागून एक रक्ताच्या पिशव्या मागत होते. आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाची पोरं दोन जीप भरून आली रात्री, कुणी जेवणावरून उठून, कुणी कीर्तनातून. रक्तपेढीतल्या माणसानं विचारलं, "पेशंट कोण लागतात तुमचे?" एक जण म्हणाला, "मामी." दुसरा म्हणाला, "मामी." सगळेच मामी म्हणाले. तो माणूस हसायला लागला.

नंतर पोट इतकं फुगलं की दोन दिवस शिवलंच नाही, वरून नुसतं झाकून ठेवलं होतं. ते बघणं फार जड गेलं. आज सासूबाई पापड लाटतात.

धमनीवाला

पोट न शिवणं हा निष्काळजीपणा नव्हता, उलट शहाणपण होतं. आत रक्त आणि सूज असली की पोटातला दाब चढतो, किडन्या बंद पडतात, श्वास अडतो. नळी बसवलेल्यांनाही हे होतं. म्हणून लघवीच्या नळीतून मूत्राशयातला दाब मोजत राहतात. तो २० च्या वर जाऊन अवयव कुरकुरायला लागले तर, जांघेतून केलेल्या माणसाचंही पोट उघडून मोकळं करावं लागतं. नातेवाईक विचारतात, मग आधीच का नाही उघडलं! त्यांना फुटलेला टायर आणि ट्यूबचं उदाहरण द्यायला लागतो, आणि दर वेळी ते अर्धवटच पटतं.

इतिहासाचा_नाद

थोडं अवांतर. आइन्स्टाइन याच दुखण्यानं गेला. १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन या सर्जननं त्याचं पोट उघडून फुगलेल्या महाधमनीला चक्क सेलोफेनचा कागद गुंडाळला होता. तेव्हा दुसरा उपाय नव्हता. कल्पना अशी की त्या कागदाभोवती व्रण धरून भिंत जाड होईल. पुढं सहा वर्षांहून जास्त निघाली. एप्रिल १९५५ मध्ये ती फुटली, तेव्हा मात्र त्यानं शस्त्रक्रियेला नकार दिला. वय ७६.

फुगलेला भाग कापून तिथं दान केलेली धमनी बसवली ती पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्टनं, १९५१ मध्ये. नळी आतून सरकवण्याची युक्ती खार्किवच्या निकोलाय व्होलोदोसनं १९८७ मध्ये छातीतल्या महाधमनीत केली, पण लोखंडी पडद्याआडच्या सोव्हिएत देशात, त्यामुळं बाहेर बोभाटा झाला नाही. नाव झालं ते अर्जेंटिनाच्या हुआन पारोदीचं, १९९० मध्ये ब्युनोस आयर्सला. आणि फुटलेल्या महाधमनीवर हाच प्रयोग पहिल्यांदा छापून आला १९९४ मध्ये, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमहून. म्हणजे आण्णांच्या पोटातली युक्ती किल्लारीच्या भूकंपापेक्षा एक वर्षानं धाकटी.

कडबा_पेंडी

शेवटच्या ओळीला मानलं राव. वाचनखूण साठवली.

एक भाबडा प्रश्न: बिडीमुळं होतं हे कळलं. शुगरवाल्यांचं काय? आमच्याकडं घरटी एक आहे.

गावठी_डॉक्टर

गंमत बघा, शुगरवाल्यांमध्ये पोटातल्या महाधमनीचा फुगा उलट कमी आढळतो. पाहणीमागून पाहणीत तेच दिसलंय. म्हणून कुणी जिलबी खायला बसू नका. पाय, डोळे, किडनी, हृदय यांचा हिशेब शुगर वेगळ्या वहीत मांडते.

बिडीला मात्र सूट नाही. आणि 'मी बिडी नाही ओढत, चिलीम ओढतो' म्हणणारे एक महाराज माझ्याकडं येतात, त्यांनाही नाही.

दुधनाकाठ

सिंदफणा, पैशाचं कसं केलंत ते लिहाल का? आणि अॅम्ब्युलन्स १०८ ची होती का?

सिंदफणा

१०८ लाच फोन केला होता. ती त्या वेळी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती, परत यायला वेळ लागणार होता. म्हणून दवाखान्याची खाजगी घेतली, आत ऑक्सिजन आणि एक ब्रदर. अडलो नाही एवढंच.

पैशाचं सांगायला संकोच नाही. बिल दहा लाखांच्या जरा अलीकडं थांबलं, त्यातला मोठा वाटा त्या नळीचा. उसाचं बिल अजून कारखान्याकडून यायचं होतं. सोनं ठेवलं, मेव्हण्यानं ट्रॅक्टरच्या हप्त्याचे पैसे दिले (तोच, सलाईनवाला), आणि एक एकर गहाण आहे. सरकारी आरोग्य योजनेत किती बसेल याची विचारपूस दाखल झाल्यावर केली, ती माझी चूक. दारातच एक आरोग्यमित्राचं टेबल होतं, त्याच्यापुढून चार वेळा धावत गेलो, थांबलो नाही.

आता पुढचं. महिन्यानं सीटी केला तर आण्णांच्या नळीबाहेर, जुन्या फुग्यात थोडं रक्त अजून खेळतंय म्हणाले. मी हबकलोच. परत फुटायची का?

धमनीवाला

रिपोर्टवर 'टाइप २' लिहिलंय का? असेल तर बहुधा फुग्याच्या भिंतीतल्या बारीक फांद्या उलट्या दिशेनं रक्त आणतायत. पुष्कळांना होतं, पुष्कळदा आपोआप बुजतं. फुगा वाढत नाही ना एवढं बघत राहायचं. 'टाइप १' किंवा '३' असतं तर मात्र मी तुम्हाला इथं लिहीत बसलो नसतो, फोन करून बोलावून घेतलं असतं, कारण त्यात नळीचं टोक किंवा सांधाच सुटलेला असतो. नळीवाल्या माणसाची तपासणी आयुष्यभर चुकवायची नाही. पोट उघडून शिवलेल्याला एवढा ससेमिरा नसतो, हा त्या जुन्या पद्धतीचा मोठेपणा.

सिंदफणा

टाइप २ च आहे. हुश्श.

दुसरी बातमी. धमनीवाल्यांनी सांगितल्यावर दोन्ही चुलत्यांना धरून सोनोग्राफीला नेलं. थोरले काका साफ. धाकट्यांची ४.१ निघाली! काहीच त्रास नाही माणसाला, त्या दिवशी सकाळी पाइप बदलून आले होते शेतात. आता घरात दोन तट पडलेत. चुलत भाऊ म्हणतो, लगेच नळी बसवून टाका. काका म्हणतात, "मला काय बी झालेलं न्हाई, सोनोग्राफीवाल्याचं मशीन खराब हाय."

धमनीवाला

या वेळी काका निम्मे बरोबर आहेत. पुरुषांत ५.५ सेंटिमीटरपर्यंत थांबतात, बायकांत ५. त्याच्या खाली शस्त्रक्रियेची जोखीमच फुटण्यापेक्षा मोठी. ४.१ ला वर्षातून एकदा सोनोग्राफी, ४.५ च्या पुढं दर तीन महिन्यांनी. मधेच झपाट्यानं वाढली, वर्षात एक सेंटिमीटरच्या वर, किंवा दुखायला लागली तर वाट बघायची नाही. बिडी आजपासून बंद, बीपीची गोळी रोज.

आणि एक, जे गावाकडं हमखास विसरलं जातं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातल्या अँटिबायोटिक गोळ्या शक्यतो नकोत. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं इशारा दिलाय की असा फुगा असलेल्यांत त्यामुळं महाधमनी फुटण्याचा धोका वाढू शकतो. जुलाब झाले की मेडिकलवरून हीच गोळी आणतात लोक. काकांच्या फाइलवर लाल पेनानं लिहा.

सिंदफणा

लिहिलं. लाल पेन नव्हता, पुतणीच्या स्केचपेननं लिहिलं. काकांनी बिडी सोडली का हे विचारू नका, आण्णा त्यांच्यावर पाळत ठेवून आहेत. स्वतः सोडल्यापासून आण्णा फार कडक झालेत.

पैनगंगाताई परवा येऊन गेल्या. आईनं हुरड्याचं थालीपीठ केलं होतं.

गावठी_डॉक्टर

धागा वर आलाच आहे तर कळवतो. काल संध्याकाळी ६८ वर्षांचे एक बाबा आले. डाव्या कुशीत कळ, पहिल्यांदाच, बिडी चाळीस वर्षं. माझ्या हाताला घाम. प्रोब ठेवला. महाधमनी १.९ सेंटिमीटर, सरळसोट. मग खाली सरकलो, तर मूत्रवाहिनीच्या तोंडाशी ६ मिलिमीटरचा खडा.

इतका आनंद मला आजवर कुणाच्या मुतखड्याचा झाला नव्हता. बाबा मात्र चिडले, "मी बोंबलायलोय आणि तुम्ही हसायलात?"